हौशी रेडिओचालक : आपत्तीतील उपेक्षित साधन

आपत्ती आली म्हणजे सर्वांत प्रथम काय कोसळते, असा प्रश्न केला तर बहुतेक लोक घरे, पूल किंवा रस्ते यांची नावे घेतील. वस्तुतः त्यांच्या बरोबरीनेच, आणि पुष्कळदा त्यांच्या आधी, कोसळते ते संदेशवहन. वीजपुरवठा खंडित होतो, दूरध्वनी मुके होतात, भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात आणि मदतीला सिद्ध असलेली यंत्रणा, कोठे जावयाचे हेच न कळल्यामुळे, जागच्या जागी खोळंबून राहते. अन्न, औषधे, नौका, मनुष्यबळ यांपैकी कशाचीही टंचाई नसताना केवळ माहितीच्या टंचाईपायी माणसे दगावतात. या टंचाईवर स्वखर्चाने आणि स्वेच्छेने उपाय करू शकणारा एक लहानसा वर्ग आपल्या देशात गेली शंभर वर्षे अस्तित्वात आहे. जगभर त्याला 'हॅम' या नावाने ओळखतात; मराठीत त्याला हौशी रेडिओचालक म्हणावयास हरकत नाही. आपत्ती ओसरल्यावर त्याच्या कामाची तोंडभर स्तुती होते आणि पुढच्या आपत्तीपर्यंत त्याचा सोयीस्कर विसर पडतो. ही स्थिती का निर्माण झाली आणि निदान नागपूरपुरती तरी ती कशी पालटता येईल, याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

नागपूरला या विषयाशी काय कर्तव्य, अशी शंका घेतली जाण्याचा संभव आहे. हे शहर समुद्रापासून दूर आहे, भूकंपाच्या दृष्टीनेही ते इतर अनेक शहरांच्या मानाने निर्धास्त समजले जाते. परंतु २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या दोन्ही काठांवरील सुखवस्तू वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. सैन्याला पाचारण करावे लागले. त्याआधी ३० जुलै १९९१ रोजी याच जिल्ह्यातील नरखेड तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी वसलेल्या मोवाडला पुराने वेढले आणि दोनशेहून अधिक माणसे बळी गेली. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडची कथा तर जवळजवळ दर पावसाळ्यातील आहे : पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी वाहू लागते आणि तालुक्यातील कितीतरी गावांचा जगाशी संबंध तुटतो. तेव्हा आपत्ती ही किनारपट्टीची किंवा हिमालयाची मिरासदारी आहे, असे समजण्याचे कारण नाही.

हौस आणि तिची शिस्त

हौशी रेडिओ म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे पुष्कळ अज्ञान आहे. आकाशवाणीप्रमाणे हे ध्वनिक्षेपण नव्हे. येथे श्रोते नसतात. दोन चालक परस्परांशी बोलतात. गाणी लावावयाची नाहीत, जाहिरात करावयाची नाही, व्यापाराचा निरोप द्यावयाचा नाही आणि कोणत्याही प्रकारचा मोबदला घ्यावयाचा नाही, अशी बंधने या सेवेवर आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने केलेल्या व्याख्येतच 'आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता' हे तत्त्व अंतर्भूत आहे. भारतात या छंदाचा आरंभ १९२१ साली कलकत्त्यात अमरेंद्र चंद्र गुप्तू यांच्यापासून झाला असे मानले जाते. दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने यावर बंदी घातली, आणि १९४२ च्या लढ्यात मुंबईहून उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओने त्या सरकारची भीती अनाठायी नव्हती हेही दाखवून दिले. सामान्य नागरिकाच्या हाती प्रक्षेपक असणे ही गोष्ट सत्ताधाऱ्यांना नेहमीच थोडी अस्वस्थ करते. आजच्या परवानापद्धतीतही त्या अस्वस्थतेची छाया उरली आहे.

हा परवाना परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही. विजेची व रेडिओची मूलतत्त्वे आणि संदेशवहनाचे नियम असे परीक्षेचे दोन भाग आहेत. सामान्य श्रेणीसाठी मोर्स संकेतात मिनिटाला आठ शब्द घेता व पाठविता यावे लागतात. मर्यादित श्रेणीसाठी ती अट नाही. बारा वर्षांच्या मुलालाही ही परीक्षा देता येते. उत्तीर्ण झालेल्याला 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारे स्वतःचे संकेतनाम मिळते आणि जगातील कोणत्याही चालकाला त्यावरून त्याची ओळख पटते. विशेष म्हणजे १९७८ च्या नियमांनुसार ज्या शहरांत ही परीक्षा घेण्याची सोय करण्यात आली, त्यांत दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या महानगरांखालोखाल अहमदाबाद आणि हैदराबाद यांच्याबरोबर नागपूरचे नाव होते. म्हणजे या विद्येचा दरवाजा आपल्या शहरात होता. त्यातून आत जाणारे मात्र थोडे निघाले.

यामागील शास्त्र फारसे गहन नाही. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबरावर आदळून पुन्हा पृथ्वीकडे परततात. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर दिवसा काही शे किलोमीटरपर्यंत सहज बोलता येते, रात्री पल्ला आणखी वाढतो. त्यासाठी दोन झाडांमध्ये ताणलेली सुमारे वीस मीटर लांबीची तार, एक संच आणि मोटारीची बॅटरी एवढे साहित्य पुरते. शहरातल्या शहरात बोलण्यासाठी दोन मीटरच्या पट्ट्यावर चालणारा, हातात धरण्याजोगा संच उपयोगी पडतो. त्याच्या लहरी सरळ रेषेत जात असल्यामुळे उंच ठिकाणी एक पुनःक्षेपण केंद्र असले म्हणजे त्याचा पल्ला कित्येक पटींनी वाढतो. या सर्व व्यवस्थेत दूरध्वनी केंद्र नाही, मनोरा नाही, मध्यस्थ कंपनी नाही. एक टोक आणि दुसरे टोक एवढेच. म्हणूनच मधले सारे कोसळले तरी ही व्यवस्था उभी राहते.

किल्लारी ते अंदमान

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, किल्लारीला झालेला भूकंप महाराष्ट्र कधी विसरणार नाही. लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांतील गावेच्या गावे दगडामातीच्या ढिगाऱ्यात गाडली गेली आणि दहा हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. भारतात भ्रमणध्वनी येण्यास तेव्हा दोन वर्षे अवकाश होता. त्या वेळी केंद्र सरकारने हौशी रेडिओचालकांची पथके तातडीने भूकंपग्रस्त भागात पाठविली आणि बाहेरच्या जगाशी दुवा साधण्याचे काम त्यांनी केले. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हाही सरकारला त्यांचीच आठवण झाली. आता भ्रमणध्वनी आले होते, परंतु ज्या यंत्रणेवर ते अवलंबून होते तीच मोडून पडली होती.

तथापि या विषयाचे मर्म ज्या प्रसंगातून सर्वांत स्पष्टपणे कळते, तो प्रसंग आहे डिसेंबर २००४ मधला, अंदमानचा. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी त्या महिन्यात पोर्ट ब्लेअरला मुक्कामास होते. ते मदतकार्यासाठी गेले नव्हते. अंदमान-निकोबारमधून अनेक वर्षांत हौशी प्रक्षेपण झालेले नव्हते. जगभरचे चालक दुर्मीळ ठिकाणांशी संपर्क साधण्यासाठी धडपडत असतात. त्यांची ती हौस भागविण्यासाठी दीर्घ प्रयत्नांनंतर सरकारची परवानगी मिळवून ही मंडळी तेथे पोचली होती. २६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला, त्यामागोमाग त्सुनामीच्या लाटा आल्या आणि बेटांचा परस्परांशी व मुख्य भूमीशी असलेला संपर्क तुटला. 'व्हीयू-४ आरबीआय' हे भारती प्रसाद यांचे संकेतनाम तोवर जगातील हजारो चालकांच्या परिचयाचे झाले होते. त्याच संचावरून, त्याच एरियलवरून, आता बेटांवरील वार्ता व नातेवाइकांचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले.

ही घटना योगायोगाची म्हणून सोडून देता येणार नाही. त्या दिवशी पोर्ट ब्लेअरमध्ये जे सामर्थ्य उपलब्ध झाले, ते कोणत्याही आपत्ती-योजनेने निर्माण केलेले नव्हते. ते एका छंदाचे उपफल होते. अर्थशास्त्रात संयुक्त उत्पादनाची कल्पना आहे : मेंढी पाळली की लोकरीबरोबर मांसही मिळते. हौशी रेडिओच्या बाबतीत नित्याचे उत्पादन आहे चालकाचे वैयक्तिक समाधान. आणि त्याच्याबरोबर, कोणी न मागता, संकटसमयी वापरता येईल असे प्रशिक्षित संदेशवहनाचे सामर्थ्यही निपजते. पहिल्याचा खर्च चालक स्वतःच्या खिशातून करतो, दुसरे समाजाला जवळजवळ फुकट लाभते. परंतु पहिले खुंटले की दुसरेही खुंटते, हे मात्र आपण ध्यानात घेत नाही.

दीपगृह आणि बाजारपेठ

सार्वजनिक वस्तू म्हणजे काय, हे शिकविताना आम्ही प्राध्यापक मंडळी दीपगृहाचे उदाहरण देतो. दीपगृहाचा प्रकाश एका जहाजाने घेतला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, आणि पैसे न देणाऱ्या जहाजाला तो नाकारताही येत नाही. म्हणून खाजगी व्यापारी त्याच्या उभारणीस सहसा पुढे येत नाही. (रोनाल्ड कोस यांनी १९७४ मध्ये या उदाहरणाच्या ऐतिहासिक सत्यतेवरच आक्षेप घेतला, हा भाग निराळा.) समुद्र न पाहिलेल्या वैदर्भीय विद्यार्थ्याला हे उदाहरण नेहमीच परके वाटते. हौशी रेडिओचालकाचे उदाहरण त्याला अधिक जवळचे वाटावे. पुराच्या रात्री एखाद्या वस्तीतून निघालेल्या एका बिनतारी निरोपावर नौका आली, तर तिचा लाभ निरोप पाठविणाऱ्यापुरता राहत नाही. सारी वस्ती तरते. परंतु त्या लाभाची किंमत वसूल करण्याचा कोणताही मार्ग चालकापाशी नसतो आणि नियमांनी तो असूही नये.

मग बाजारपेठेने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांनी, हे काम का करू नये? याचे उत्तर त्यांच्या हिशेबातच आहे. डेन्मार्कचे गणितज्ञ ए. के. अर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दूरध्वनी केंद्रांची क्षमता ठरविण्याचे जे गणित मांडले, त्याचे सार असे की, सर्व ग्राहक एकाच वेळी बोलतील असे गृहीत धरून कोणीही यंत्रणा उभारीत नाही. गर्दीच्या तासात साधारणपणे किती लोक बोलतील याचा अंदाज घेऊन, थोड्या लोकांना थांबावे लागेल हे मान्य करून, क्षमता ठरविली जाते. व्यवहाराच्या दृष्टीने हे योग्यच आहे. वर्षातून एखाद्या दिवशी लागणारी अतिरिक्त क्षमता उरलेले दिवस पडून ठेवणे कोणत्याही कंपनीला परवडणार नाही. परंतु आपत्तीचा दिवस हा नेमका तसा दिवस असतो. त्या दिवशी प्रत्येकाला त्याच क्षणी बोलावयाचे असते, आणि त्याच क्षणी यंत्रणेचा काही भाग पाण्यात किंवा अंधारात गेलेला असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा देशातील सर्वांत संपन्न शहरात लाखो दूरध्वनी व भ्रमणध्वनी निरुपयोगी ठरले. कंपन्यांना बोल लावून यातून सुटका नाही. सरासरीच्या हिशेबावर उभी असलेली व्यवस्था अपवादाच्या दिवशी कोसळणारच.

म्हणून अपवादासाठी वेगळी तरतूद हवी. जुन्या काळी अशी एक तरतूद होती. तिचे नाव तारखाते. १५ जुलै २०१३ पासून ते बंद झाले. तोट्याचा विचार करता तो निर्णय समर्थनीय होता, पण त्याबरोबर एक पर्यायी वाट मिटली, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात झाली नाही. एकाच रस्त्यावरून सारी वाहतूक नेणे स्वस्त असते. परंतु तो रस्ता वाहून गेला म्हणजे स्वस्ताईची खरी किंमत कळते. विम्याचा हप्ता भरणारा मनुष्य, यंदा घराला आग लागली नाही म्हणून पैसे वाया गेले, असे म्हणत नाही. हौशी रेडिओचालक हा समाजाचा विमा आहे, आणि नवलाची गोष्ट अशी की त्याचा बहुतेक हप्ता तो स्वतःच भरतो. हाताने धरावयाचा संच काही हजार रुपयांत मिळतो, दूर पल्ल्याच्या संचाला लाखाच्या आसपास खर्च येतो. त्याच्या जोडीला कित्येक वर्षांच्या सरावाची गुंतवणूक असते. यातील एक पैसाही सरकारी तिजोरीतून येत नाही.

एवढे असूनही आपल्या देशात परवानाधारकांची संख्या वीस हजारांच्या घरात आहे, म्हणजे सुमारे सत्तर हजार लोकांमागे एक. अमेरिकेत हीच संख्या सात लाखांहून अधिक आहे. तेथे साडेचारशे ते पाचशे लोकांमागे एक चालक आहे. हा फरक केवळ संपत्तीचा नाही. आपल्याकडे १९८४ मध्ये, स्वतः हौशी चालक असलेल्या राजीव गांधींच्या काळात, या साहित्यावरील आयात शुल्क माफ झाले आणि त्यानंतर चालकांच्या संख्येत सातत्याने वाढ होत गेली. धोरण अनुकूल झाले की हौस फळते, याचे हे चांगले उदाहरण आहे. राष्ट्रीय सरासरी लावली तर २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेसेहेचाळीस लाख लोकसंख्येच्या नागपूर जिल्ह्याच्या वाट्याला साठ-सत्तर चालक येतात. ही केवळ सरासरी आहे, आणि परवाना भिंतीवर असणे म्हणजे संच चालू असणे नव्हे. चौदा तालुक्यांना हे बळ किती पुरेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

तीन आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, उपग्रहाच्या या युगात जुनाट रेडिओची गरज काय? उपग्रह-दूरध्वनी जरूर असावेत. परंतु ते मोजक्या अधिकाऱ्यांपाशीच असतात, आणि ते हाताळण्याचा नित्य सराव असलेला मनुष्य आयत्या वेळी हजर असेलच असे नाही. आपत्तीत उपयोगी पडते ते कपाटातील यंत्र नव्हे. रोज वापरात असलेले यंत्र आणि ते रोज वापरणारा हात. हौशी चालकाचा हात रोजचा असतो. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको बेट उद्ध्वस्त केले तेव्हा अमेरिकेच्या रेड क्रॉसने तेथील हौशी रेडिओ संघटनेकडे पन्नास स्वयंसेवकांची मागणी केली आणि बावीस जण प्रत्यक्ष पाठविण्यात आले. प्रगत तंत्रज्ञानाचे माहेरघर असलेल्या देशाला या साध्या साधनाची लाज वाटली नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. गडचिरोलीसारख्या भागात खाजगी प्रक्षेपकांना मोकळीक देणे धोक्याचे नाही काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु परवानाधारक चालक हा शासनाला नावागावासह ठाऊक असतो, ठरवून दिलेल्या पट्ट्यांवर तो उघड भाषेत बोलतो आणि त्याचे बोलणे कोणालाही ऐकता येते. ज्याला गुप्तता हवी आहे तो परीक्षा देऊन संकेतनाम घेत नाही. तेव्हा पोलिसांकडून होणारी चौकशी काटेकोर असावी, पण ती मुदतीत संपावी. अर्ज करून महिनेच्या महिने वाट पाहावी लागली की तरुणांचा उत्साह मावळतो, आणि त्यामुळे सुरक्षितता तसूभरही वाढत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. स्वयंसेवकांच्या नावाखाली शासन आपली जबाबदारी तर झटकणार नाही ना? ही भीती रास्त आहे. आरोग्य असो वा शिक्षण, सेवाभावी माणसांना पुढे करून कायमच्या नोकऱ्या आणि तरतुदी टाळण्याचा मोह सर्वच सरकारांना होतो. म्हणून हे स्पष्टपणे सांगावयास हवे की, हौशी चालक हा पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेचा पर्याय नव्हे; तो तिचा पूरक आहे. पोलिसांचा बिनतारी विभाग बंदोबस्ताच्या आणि बचावाच्या निरोपांनी आधीच व्यापलेला असतो. निवाऱ्यातील माणसांची यादी, औषधांची मागणी, आप्त सुखरूप असल्याची वार्ता, असे असंख्य निरोप त्याच्या वाट्याला कधी येतच नाहीत. ती पोकळी हौशी चालकाने भरावयाची. त्याला पगार देण्याचेही कारण नाही. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाच्या संदर्भात दाखवून दिले होते की, दानाचा व्यवहार पैशाच्या पातळीवर आणला की दात्याची प्रेरणा आणि दानाची प्रत ही दोन्ही घसरण्याचा धोका असतो. चालकाला मोबदला नको आहे. त्याला हवे आहे ते स्थान.

कळ जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती

हे स्थान देण्यासाठी नवा कायदा करावयास नको. १९७८ च्या नियमांनी हौशी चालकाला एरवी तिऱ्हाइताचा निरोप नेण्याची मनाई केली. परंतु नैसर्गिक आपत्तीत नेहमीचे संदेशवहन कोलमडले असता जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम अधिकाऱ्यांचे निरोप नेण्याची मुभा ठेवली. २००३ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने, हौशी केंद्रांना आपत्तीच्या पूर्वतयारीसाठी वाव द्यावा, असे आवाहन सर्व राष्ट्रांना केले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले आणि जिल्ह्यातील संदेशवहन सुस्थितीत ठेवणे व वेळोवेळी रंगीत तालमी घेणे हे त्या प्राधिकरणाचे कर्तव्य ठरले. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापनाचा समावेश झाल्यामुळे स्वयंसेवकांची रीतसर नोंदणी करण्याचा मार्गही मोकळा आहे. म्हणजे कुलूप आहे, किल्ली आहे आणि ती कोणाच्या हाती आहे हेही लिहून ठेवलेले आहे. उणीव आहे ती दार उघडण्याची.

नागपूरला तर या बाबतीत कोणतीही सबब सांगता येणार नाही. १९५७ पासून आपत्कालीन मदतकार्याचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था, जी पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली, ती याच शहरात उभी राहिली. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय येथे आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी येथे आहे. साऱ्या देशाला संकटाशी सामना शिकविणाऱ्या शहराने स्वतःच्या नाग नदीच्या पुरापुढे हतबल व्हावे, हा विरोधाभास आपल्याला भूषणावह नाही.

करावयाचे ते मोजके आहे. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात हौशी चालकांचे स्थान नावनिशीवार नोंदले जावे : कोणी कोणत्या ठिकाणी, किती वेळात, कोणत्या कंप्रतेवर हजर व्हावयाचे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियंत्रण कक्षात आणि प्रत्येक तहसील कार्यालयाच्या गच्चीवर एरियल कायमची उभारलेली असावी, म्हणजे आयत्या वेळी चालकाने संच आणून जोडावा. सेमिनरी हिल्स आणि रामटेकची टेकडी या उंच ठिकाणी पुनःक्षेपण केंद्रे असावीत आणि त्यांच्या देखभालीसाठी दर वर्षी लहानशी रक्कम राखून ठेवली जावी. कारण आपल्याकडे यंत्र बसविण्यास पैसा मिळतो, ते चालू ठेवण्यास मिळत नाही. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस एक दिवस सर्व दूरध्वनी बंद आहेत असे समजून तालीम घ्यावी. चालकांना ओळखपत्र आणि कर्तव्यावर असताना विम्याचे संरक्षण मिळावे. भामरागडसारख्या ठिकाणी शाळांतील किंवा आश्रमशाळांतील शिक्षकांना पोलिसांच्या संमतीने या परीक्षेस बसण्यास उत्तेजन द्यावे.

या सर्वांहून महत्त्वाचे काम महाविद्यालयांचे आहे. चालकांचा ताफा राखावयाचा असेल तर नवी माणसे या छंदाकडे वळावयास हवीत. अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने आणि विज्ञान महाविद्यालये यांची संख्या नागपुरात थोडी नाही. त्यांपैकी दहा-बारांनी जरी आपल्या छपरावर एक संच बसविला आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांपैकी काहींना परीक्षेस बसविले, तरी पाच वर्षांत या शहराचे चित्र पालटेल. ज्या मुलाने वीस मीटर तारेच्या आणि एका बॅटरीच्या जोरावर दूरदेशीच्या अनोळखी माणसाशी संवाद साधला आहे, त्याला भौतिकशास्त्राचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

आपल्या सार्वजनिक जीवनात गौरवाला तोटा नाही. पूर ओसरला की सत्कार होतात, शाली दिल्या जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. हौशी रेडिओचालकाला यातले काहीही नको आहे. त्याला हवी आहे गच्चीवर एरियल उभारण्याची परवानगी, मुदतीत मिळणारा परवाना, आराखड्याच्या एका पानावर आपले संकेतनाम आणि वर्षातून एकदा तालमीचे बोलावणे. या मागण्यांचा खर्च एका सत्कार-समारंभाहून फारसा अधिक होणार नाही. पुढचा पावसाळा येण्यास उशीर असला तरी येणार निश्चित आहे. त्याच्या आधी नागपूरने एवढे केले, तर ते इतर जिल्ह्यांनाही अनुकरणीय ठरेल.